मीटर क्रमांक सात

सांगलीत, गणपती पेठेत, सन्मती बिल्डिंगच्या कपाळावर
चुन्यात उठवलेलं साल आहे: १९३.
शेवटचा आकडा कधीतरी खाली पडला,
एका केळीवाल्याच्या हातगाडीवर, म्हणतात.
तेव्हापासून इमारतीचं वय
ज्याच्या त्याच्या सोयीनं.
मालकाच्या वकिलाला ती फार जुनी लागते,
भाडेकरूंच्या वकिलाला तितकी नाही.

मला विचाराल तर मी जिन्याखालून सांगेन.
अठ्ठावीस वर्षं वाकून वाचतोय तिथली मीटरं.
फळीवर नावं आहेत, माणसं नाहीत.
वीजबिलावर कुणी मरत नाही.

एक नंबर: आदगोंडा भूपाल चौगुले, हळद-गूळ अडत.
आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
पण पोरगा भिंतीत खिळा ठोकतो
तर भोकातून अजून पिवळी पूड गळते,
आणि संध्याकाळी तो घरी जातो
हळदीच्या मांडवातून उठून आल्यासारखा.

तीन नंबर: प्रगती टायपिंग.
बावीस मशिनं एकदम सुरू झाली
की खालच्या गुमास्त्याची बेरीज चुकायची.
एकदा तो तणतणत वर भांडायला गेला
आणि वर्षभर जातच राहिला.
त्याच्या लग्नाची पत्रिका तिथंच टाइप झाली,
उपाध्येबाईंच्या हातची. एक अक्षर चुकलेलं नाही.

चार-पाच: आधी लॉज, मग दातांचा दवाखाना,
मग कबुतरं. युनिट शून्य.
सहा नंबर मी दोन वर्षं चुकीचा वाचला.
ते माझं मला माहीत.

पाच सालचं पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं.
एकोणीस सालचं थांबलं नाही.
ओसरलं तेव्हा सगळी मीटरं नवी बसवली,
फिरणारी चकती गेली, लाल ठिपका आला.
नावं धुऊन गेली होती.
मी खडूनं पुन्हा लिहिली.
पाठ होती.

परवा नोटीस डकवली: धोकादायक.
मला पक्कड देऊन पाठवलं.
सहा तोडली.
सातव्याचा ठिपका लुकलुकत होता,
फार सावकाश,
गाढ झोपलेल्याचं पोट हलावं तसा.
जिनगोंडा आप्पाण्णा मगदूम, गोडाऊन.
सौदे यार्डात गेले तेव्हापासून कुलूप,
आणि बिल एका महिन्याचंही थकलेलं नाही.

मागच्या बोळातून आत गेलो.
जिथं काटा टांगायचे त्या हुकाला एक बल्ब,
खाली तरटावर दस्तगीर हमाल.
पाठीवर आता पोतं नाही,
तरी पाठ पोत्याखालचीच.

बिल तू भरतोस?
"मालक म्हणालं, निपाणीला जाऊन येतो, दिवा असू दे."
कधी म्हणाले?
"रुमालाखाली सौदं व्हायचं, तवा."

निपाणीच्या अलीकडं ट्रक उलटला होता
हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे.
दस्तगीरलाही.
फुटलेली पोती त्यानंच तर गोळा केली होती.

मी पक्कड काढली.
तो काही बोलला नाही.
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला
आणि आतून माझी बोटं धरली.
दाबली. तीन.
मला ती भाषा येत नाही.
तीन दिवस मागतोय, तीन महिने,
की नुसता भाव विचारतोय.
त्याचा तळवा दगडी पायरीसारखा,
झिजून गुळगुळीत.
मीही काहीतरी दाबलं.
काय कबूल केलं, देव जाणे.
त्यानं मान हलवली आणि टॉवेल झटकला.

मशीनमध्ये शेऱ्यासाठी तीनच पर्याय येतात:
दार बंद, मीटर नादुरुस्त, जोडणी तोडली.
मी कागद मागितला
आणि पेनानं लिहिलं,
ग्राहक निपाणीला गेलेत.

साहेब विचारतील.
विचारू देत.